मोहफुलांचा ढीग आतून का तापतो?

मार्च सरत आला की दरेकसाच्या जंगलात अंधार असतानाच माणसांचा वावर सुरू होतो. मोहाची फुले रात्री उमलतात आणि पहाटे टपटप गळतात. ऊन वर येण्याआधी ती टोपलीत पडली पाहिजेत. छत्तीसगडच्या हद्दीला लागून असलेल्या सालेकसा तालुक्यातल्या या गावांत अनेक गोंड कुटुंबांच्या हाती उन्हाळ्यात चार पैसे येतात ते या वेचणीतून. वाळलेल्या मोहफुलाच्या वजनात निम्म्याच्या आसपास साखरच असते. व्यापारी भाव फुलाचा सांगतो, पण माल खरा साखरेचा.

ही साखर चोरणारा चोर बाहेरून येत नाही बरे का. तो फुलावरच बसलेला असतो.

ओली फुले ढीग करून किंवा पोत्यात कोंबून एक-दोन दिवस ठेवा आणि मग आत हात घाला. हाताला ऊब लागेल, नाकाला आंबूस वास येईल. फुलावर यीस्ट नावाचे डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. ढिगाच्या पोटातली हवा थोड्याच वेळात संपते. मग तुम्हाआम्हाला वाटेल की हे जीव गुदमरून मरतील. ते मरत नाहीत. हवेशिवाय साखर फोडून जगण्याची कला त्यांना अवगत आहे. फ्रान्सच्या लुई पाश्चरने एकोणिसाव्या शतकातच हे दाखवून दिले होते.

पण ही कला फार खर्चिक. चूल आठवा. भरपूर हवा मिळाली तर लाकूड जळून राख होते आणि पुरती आच मिळते. हवा कोंडली तर लाकूड धुमसते, मागे कोळसा राहतो आणि त्यात बरीच आच शिल्लक असते. पेशीतही असेच घडते. प्राणवायू असला तर ग्लुकोज साखरेच्या एका कणापासून पेशीला शक्तीची सुमारे ३० नाणी मिळतात. शास्त्रज्ञ या नाण्याला एटीपी म्हणतात. प्राणवायू नसला तर मिळतात फक्त २! उरलेली शक्ती मद्यार्कात अडकून राहते, म्हणून तर दारू पेटते. आता दोनच नाण्यांवर संसार करायचा म्हटल्यावर यीस्ट काय करणार? भराभर जास्त साखर खाणार. एक किलो ग्लुकोज पूर्ण आंबले तर जवळजवळ अर्धा किलो वायू होऊन उडून जाते. पहाटेपासून वाकून वेचलेला माल असा हवेत जातो. दारूबंदीचा वाद इथे नको. विकायच्या फुलाचे आंबणे म्हणजे निव्वळ तोटा.

आपल्या अंगातही हवेविना साखर फुटते. दरेकसा स्टेशनात गाडी सुटते आहे आणि तुम्ही जीव खाऊन धावलात, तर पायांच्या स्नायूंना प्राणवायू पुरत नाही. तिथे मात्र दारू न होता लॅक्टिक आम्ल तयार होते. नाहीतर धावणारा प्रत्येक जण झिंगला असता!

धानाचेही बघा. बांधीत पाणी तुंबले तरी बुडालेल्या धानाच्या बीला कोंब फुटतो, तो याच आंबवणीच्या जोरावर. गव्हाला हे सहसा जमत नाही. मात्र धानाचाही नुसता कोंबच लांबतो, मूळ धरत नाही. म्हणून पेरणीनंतर तुंबलेले पाणी काढून द्यावे लागते.

राज्य सरकारने २०२१ मध्ये मोहफुलांच्या साठवणुकीवरचे निर्बंध उठवले. घरात माल ठेवून भाव चढल्यावर विकता येईल, पण तो टिकला तर. तेव्हा वेचलेली फुले त्याच दिवशी पातळ पसरा, सारखी हलवत राहा. अवकाळी पाऊस आला तर छपराखाली घ्या, पण ओली फुले प्लॅस्टिकखाली कोंडू नका. पोते शिवण्याआधी मधोमध कोपरापर्यंत हात घाला. ऊब लागली तर पोते पुन्हा अंगणात मोकळे करा.