घरचा सर्व्हर आणि परवान्याचा प्रश्न

संयुक्त अरब अमिरातीत आज हजारो मराठी माणसे पोटापाण्यासाठी राहत आहेत. त्यांत संगणक क्षेत्रातील तरुण पुष्कळ. दिवसभर कंपनीची यंत्रे सांभाळायची आणि रात्री घरी येऊन स्वतःच्या लहानशा सर्व्हरवर पुढच्या परीक्षेचा अभ्यास करायचा, असा त्यांचा क्रम असतो. आपल्या मॉरिशसच्या शाळांतून शिकलेली काही मुलेही तिकडे आहेत. सुटीत ती भेटली की एक प्रश्न हमखास निघतो: घरच्या सर्व्हरवर कोणते सॉफ्टवेअर घालावे, आणि त्याला परवाना लागतो की नाही? आम्ही भाषेचे शिक्षक. पण या प्रश्नात तंत्राइतकाच सचोटीचाही भाग आहे. म्हणून त्यावर चार शब्द लिहिणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

एका घरात अनेक बिऱ्हाडे

प्रथम विषय समजून घेऊ. दुबईत बर दुबई, करामा या भागांत भाडे परवडत नाही म्हणून चार-पाच जण मिळून एक फ्लॅट घेतात. विजेचा मीटर एक, स्वयंपाकघर एक. पण प्रत्येकाची खाट, कपाट आणि कुलूपकिल्ली निराळी. संगणकातील आभासीकरण म्हणजे असेच. एकाच यंत्रात अनेक आभासी संगणक नांदतात. एकात विंडोज, दुसऱ्यात लिनक्स, तिसऱ्यात घरच्या छायाचित्रांचा साठा. कोणाला किती जागा आणि किती शक्ती द्यायची हे ठरविणारा जो कारभारी, त्याला हायपरवायझर म्हणतात.

ही कल्पना जुनी आहे. आयबीएम कंपनीने १९७२ साली आपल्या मोठ्या यंत्रांसाठी व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली होती. पुढे १९९८ साली अमेरिकेत व्हीएमवेअर कंपनी स्थापन झाली आणि साध्या संगणकांवरही ही सोय आली. तिचे ईएसएक्सआय हे सॉफ्टवेअर अनेक वर्षे मर्यादित स्वरूपात फुकट मिळत असे. असंख्य मुले त्याच्यावरच शिकली.

मालक बदलला, नियम बदलले

नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉम कंपनीने व्हीएमवेअर विकत घेतली. पुढच्याच महिन्यात एकदा पैसे भरून कायमचा मिळणारा परवाना विकणे बंद झाले आणि ठराविक मुदतीच्या वर्गणीची पद्धत आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये फुकट ईएसएक्सआयही बंद झाले. एप्रिल २०२५ मध्ये ते पुन्हा देऊ केले गेले. पण अनेक सर्व्हर एकत्र चालविणारे व्हीसेंटर त्याला जोडता येत नाही. नोकरीत तर नेमके तेच काम विचारतात!

संपूर्ण संच घरी अभ्यासासाठी हवा असेल तर व्हीएमवेअरच्या वापरकर्ता मंडळाची सशुल्क सदस्यता आहे. परंतु २०२४ च्या अखेरीपासून सदस्याने कंपनीची ठरलेली परीक्षा उत्तीर्ण केलेली असल्याशिवाय हे परवाने मिळत नाहीत. आम्हां शिक्षकांना याचे नवल वाटते. आधी परीक्षा द्या, मग पाठ्यपुस्तक घ्या, असा हा न्याय झाला.

मग पर्याय कोणते?

पहिला पर्याय प्रॉक्समॉक्स व्हीई. व्हिएन्ना येथील कंपनीने २००८ साली ते प्रथम प्रसिद्ध केले. ते डेबियन लिनक्सवर उभे असून मुक्त परवान्याखाली मिळते. सर्व सोयी फुकट. पैसे द्यायचे ते मदतीसाठी आणि अधिक पारखलेल्या सुधारणांसाठी. आत शिरताना ‘तुमची वर्गणी नाही’ अशी सूचना दिसते, आणि नवखी मुले घाबरतात. घाबरण्याचे कारण नाही. वर्गणी न घेता वापरणे हे पूर्ण कायदेशीर आहे. मात्र सुधारणा विनावर्गणीच्या भांडारातून घ्याव्यात.

दुसरा पर्याय एक्ससीपी-एनजी. हेही मुक्त सॉफ्टवेअर असून ज्या झेनवर ते चालते, त्याचा जन्म केंब्रिज विद्यापीठातला. तिसरा मायक्रोसॉफ्टचा हायपर-व्ही. विंडोज ११ च्या प्रो आवृत्तीत तो असतो, होम आवृत्तीत नसतो. ज्याच्याजवळ फक्त लॅपटॉप आहे, त्याला व्हर्च्युअलबॉक्स पुरे. मात्र त्याच्या मूळ भागाचा परवाना मुक्त असला तरी जोडपॅकचा परवाना निराळा आहे. तो वैयक्तिक व शैक्षणिक वापरापुरताच फुकट आहे, कंपनीच्या कामासाठी नाही.

येथे एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. कारभारी फुकट असला म्हणून बिऱ्हाडकरू फुकट होत नाहीत. आत विंडोज चालवायचे तर त्याचा परवाना वेगळा लागतो. अभ्यासासाठी विंडोज सर्व्हरची १८० दिवसांची चाचणी प्रत मायक्रोसॉफ्ट स्वतः देते, ती घ्यावी. उबुंटू किंवा डेबियन घेतले तर परवान्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत.

चोरीची किल्ली महाग पडते

कोणी म्हणेल, मित्राने चोरून दिलेला परवाना-क्रमांक घातला तर घरात कोण पाहतो? बाळांनो, असे करू नका. अमिरातीच्या २०२१ च्या ३८ क्रमांकाच्या संघराज्य कायद्याने संगणक सॉफ्टवेअरला लेखकाच्या ग्रंथासारखेच संरक्षण दिले आहे. विनापरवाना प्रत उतरवून घेणे किंवा साठवून ठेवणे याला कैद व दंड सांगितला आहे. ज्याचे तेथील राहणेच नोकरीच्या व्हिसावर अवलंबून, ज्याच्या पगारावर गावाकडचे आईवडील आणि बहिणीचे शिक्षण, त्याने चार पैशांसाठी एवढे मोठे संकट ओढवून घ्यावे काय? शिवाय चोरलेल्या सॉफ्टवेअरबरोबर कोणता रोग घरात येईल, याचा भरवसा नाही.

अंथरूण पाहून पाय पसरावे

आता यंत्राविषयी. बर दुबईच्या खालिद बिन अल वलीद रस्त्याला लोक कॉम्प्युटर स्ट्रीट म्हणूनच ओळखतात. जुने, दुरुस्त केलेले संगणक त्या भागात मिळतात. कंपनीने काढून टाकलेला भलामोठा सर्व्हर स्वस्तात दिसला तरी मोहात पडू नये. दोनशे वॅट खाणारे यंत्र अहोरात्र चालले तर महिन्याला १४४ युनिट होतात. दुबईत घरगुती विजेच्या पहिल्या टप्प्यातील युनिटला २३ फिल्स धरले तर हे ३३ दिरहॅम झाले; इंधन अधिभार आणि कर वेगळा. तीस वॅटचे लहान यंत्र ५ दिरहॅमच्या आत भागवते. मोठ्या यंत्राची उष्णता बाहेर काढण्यासाठी वातानुकूलन चालते, तो खर्च निराळाच. भर उन्हाळ्यात एका खोलीत चौघे झोपलेले असताना त्या पंख्यांचा आवाज सोबत्यांनी का सोसावा, हाही विचार करावा.

अभ्यासासाठी सोळा ते बत्तीस जीबी मेमरीचे लहान यंत्र चांगले चालते. सर्व्हरवर घरची छायाचित्रे असतील तर त्यांची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर आणि एक दुसऱ्या घरी ठेवावी. आभासी यंत्राचा ‘स्नॅपशॉट’ त्याच डिस्कवर असतो. डिस्क गेली की तोही गेला.

आमचा सल्ला असा. नोकरीच्या ठिकाणी व्हीएमवेअर असेल तर ते तेथे मन लावून शिकावे. घरी प्रॉक्समॉक्स घ्यावे. साठवण, जाळे, यंत्रांची वाटणी यांची तत्त्वे दोन्हींकडे एकच आहेत. कंपन्या विकल्या जातात, नियम एका महिन्यात बदलतात. समजून घेतलेले तत्त्व मात्र कोणी परत मागत नाही. आणि कोणतेही सॉफ्टवेअर घेताना ‘मान्य आहे’ असे बटण दाबण्यापूर्वी परवान्याचा मजकूर एकदा वाचावा. परक्या देशात आपला मुलगा रात्री निश्चिंत झोपतो, हे कळले की घरच्यांनाही झोप लागते.