मागे राहणाऱ्या टेबलाचा हिशेब

जुन्या सीएनसी मशीनचा कंट्रोल मरायला एक छोटी बॅटरी पुरते. १९८० आणि ९० च्या दशकांतल्या बऱ्याच कंट्रोलमध्ये मशीनचे पॅरामीटर बॅटरीवर जगणाऱ्या मेमरीत असत. दिवाळीची सुट्टी लांबते, मेन बंद असतो, बॅटरी केव्हाच संपलेली असते. कामगार परततात तेव्हा लोखंड ठणठणीत, मोटरी ठणठणीत, पण आपल्याला अक्ष किती आणि बॉलस्क्रूचा पिच किती, हे मशीनलाच ठाऊक नसतं. पॅरामीटरचा कागद पॅनेलच्या दाराला आतून चिकटवलेला असेल तर मेकॅनिक रात्रभर बसून आकडे भरतो. नसेल तर मालक भंगारवाल्याला फोन करतो, नाहीतर काकांना.

संपादकांना ‘फुकटच्या सॉफ्टवेअरवर चालणारं मशीन’ असा लेख हवा होता, म्हणून मी वाळूजला या काकांकडे गेलो. वाळूजलगतच्या या शहरात अशी मशीनं भरपूर का, हे सांगायला फार इतिहास लागत नाही. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि त्याला सुटे भाग पुरवणाऱ्या शॉपांच्या रांगा उभ्या राहिल्या. चिकलठाण्याच्या इंडो जर्मन टूल रूममधून टूल अँड डाय शिकलेली पोरं बाहेर पडू लागली. शहराचं नाव बदललं, दुचाकींची मॉडेलं बदलली. पण त्या काळात घेतलेली कित्येक मशीनं पायावरून हललेली नाहीत. चांगलं ओतीव लोखंड सहज म्हातारं होत नाही. आधी म्हातारं होतं ते इलेक्ट्रॉनिक्स.

काका आयटीआयचे इलेक्ट्रिशियन, नंतर मेंटेनन्समध्ये मुरलेले. ते रेट्रोफिट करतात, म्हणजे जुना कंट्रोल काढून टाकतात आणि त्या जागी साधा पीसी, त्यावर लिनक्ससीएनसी आणि सोबत मेसा कंपनीचं सर्व्हो कार्ड बसवतात. हे सॉफ्टवेअर मूळचं अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेचं, ‘एन्हान्स्ड मशीन कंट्रोलर’ नावाचं. १९९० च्या दशकात ते जनरल मोटर्सच्या पॉन्टियाकमधल्या विभागात एका चार अक्षी मशीनवर चालवून पाहिलं गेलं. सरकारी काम म्हणून ते सर्वांना खुलं होतं. हौशी आणि व्यावसायिक मंडळींनी ते पुढे वाढवलं आणि २०१२ च्या २.५ आवृत्तीपासून ते लिनक्ससीएनसी या नावाने येऊ लागलं. डाउनलोड करायला पैसे पडत नाहीत. संपादकांचा ‘फुकट’ हा शब्द इथपर्यंतच खरा आहे.

समोर एक व्हर्टिकल मशीनिंग सेंटर उघडं पडलं होतं. त्याचे ड्राइव्ह जुने अॅनालॉग पद्धतीचे, अजून धडधाकट. त्यांना भाषा एकच कळते, व्होल्टची. अधिक दहा म्हणजे पूर्ण वेगाने पुढे, उणे दहा म्हणजे पूर्ण वेगाने मागे, शून्य म्हणजे उभं राहा. कार्डावर असे सहा अक्षांचे व्होल्ट निघतात आणि सहा एन्कोडर परत येऊन मिळतात. मोटरच्या मागचा एन्कोडर एका फेरीत २,५०० रेघांचा. कार्ड प्रत्येक रेघेचे चार भाग मोजतं, म्हणजे १०,००० काउंट. बॉलस्क्रूचा पिच १० मिलिमीटर. म्हणजे एका काउंटला एक मायक्रॉन. टेबल मिनिटाला २० मीटर धावलं तर सेकंदाला ३ लाख ३३ हजार काउंट येतात. हे मोजणं पीसीच्या आवाक्यातलं नाही, म्हणून ते कार्डावरची चिप करते. पीसी फक्त दर मिलिसेकंदाला विचारतो: टेबल कुठे आहे, कुठे असायला हवं होतं, आणि आता किती व्होल्ट द्यायचे?

त्या एका मिलिसेकंदात टेबल एक तृतीयांश मिलिमीटर पुढे गेलेलं असतं. म्हणून लिनक्सने वेळ चुकवून चालत नाही. त्यासाठी वेगळा रिअल-टाइम कर्नल लागतो. त्यातली मुख्य जोडणी २०२४ च्या ६.१२ आवृत्तीपासून मूळ लिनक्समध्येच आली आहे.

पण मी खिळलो ते पुढच्या कामापाशी. काकांनी सगळ्यात आधी मोटर आणि बॉलस्क्रूमधलं कपलिंग सोडवलं.

“आधी मोटर मोकळी करायची. मग थोडासा व्होल्ट द्यायचा. कुठं पळायलंय ते कळतं.”

“उलटं पळालं तर?”

“उलटं पळालं तर बरं, दिसतंय तरी. मोजणी उलटी असली तर मेलो.”

एन्कोडरचं चिन्ह उलटं लागलं तर टेबल पुढे गेलेलं कंट्रोलला मागे गेल्यासारखं दिसतं. तो आणखी पुढे ढकलतो. चूक वाढते, तसा व्होल्ट वाढतो, आणि टेबल पूर्ण वेगाने शेवटच्या स्टॉपवर जाऊन आदळतं. याला अडवणारी एक मर्यादा फाइलीत लिहावी लागते: ठरल्या जागेपासून टेबल इतक्या मिलिमीटरच्या वर मागेपुढे गेलं की ड्राइव्हचा एनेबल तोडायचा. शॉपमध्ये या फरकाला फॉलोइंग एरर म्हणतात.

कपलिंग पुन्हा बसलं आणि ट्यूनिंग सुरू झालं. चूक जितकी, तितक्या प्रमाणात कंट्रोल वेग देतो. प्रमाण ठरवणारा आकडा म्हणजे ‘पी’. तो ५० असेल आणि टेबलाने मिनिटाला ६ मीटर जायचं असेल, तर गणितानेच ते दोन मिलिमीटर मागे राहतं, कारण चूक असल्याशिवाय व्होल्ट निघतच नाही. ‘पी’ फार वाढवला की मशीन गुरगुरतं. वाट वेगळी आहे: ‘एफएफ-१’ हा आकडा टेबल मागे पडायची वाट न पाहता अपेक्षित वेगाचा व्होल्ट आधीच देतो. मग ‘पी’ला उरतं फक्त किरकोळ दुरुस्तीचं काम. स्क्रीनवरच्या हॅलस्कोपमध्ये दोन मिलिमीटरचा डोंगर बघता बघता सपाट झाला, आणि शेजारच्या लेथचा ऑपरेटरही काम थांबवून बघायला आला.

एक्स आणि वाय यांचं मात्र एकमेकांशी जुळावं लागतं. एकाचं प्रमाण जास्त, दुसऱ्याचं कमी, तर मशीनने कापलेलं वर्तुळ पंचेचाळीस अंशांत कललेली लंबगोल बांगडी होतं. जोडीतला एक बैल तडफदार, दुसरा सुस्त. तास वाकडाच पडणार. काका डायल लावून वर्तुळ तपासत होते, आकडा थोडा बदलत होते, पुन्हा तपासत होते. बंद कंट्रोलमध्ये हे आकडे मशीन बनवणारी कंपनी भरून देते आणि ग्राहक ते कधी उघडून पाहत नाही. इथे प्रत्येक आकड्यामागे कुणाचा तरी निर्णय आहे.

आणि तिथूनच अडचणी सुरू होतात.

अक्ष हलू लागले की मालकाला वाटतं, झालं. प्रत्यक्षात वेळ खातो तो टूल चेंजर. हात खाली, टूल मोकळं, चकती फिरली, सेन्सर आला, हात वर: हा क्रम जुन्या पीएलसीत होता आणि तो प्रोग्राम बहुतेकदा हाती नसतो. पॅनेलमधली एकेक वायर ओढून, फेरूल नंबर वाचून तो नव्याने लॅडरमध्ये लिहावा लागतो. मशीनवर काचेच्या स्केल असतील आणि त्यांचा सिग्नल साइन पद्धतीचा असेल, तर कार्डाला तो थेट समजत नाही. मध्ये इंटरपोलेटर लागतो. शील्डचं अर्थिंग नीट नसलं की स्पिंडल सुरू होताच मोजणीत भुताटकी शिरते. शॉपमधले वर्षानुवर्षांचे प्रोग्रामही जुन्या कंट्रोलच्या बोलीत असतात. त्यातल्या सायकल आणि सबप्रोग्राम जसेच्या तसे चालत नाहीत.

सुरक्षेबाबत तर हे सॉफ्टवेअर स्वतःच हात वर करतं. त्याच्या मूळ कोडमध्येच स्पष्ट लिहिलंय की सुरक्षेसाठी केवळ सॉफ्टवेअरवर विसंबणं अत्यंत अविचाराचं आहे. म्हणून काका इमर्जन्सीचं बटण पीसीला विचारायला पाठवत नाहीत. दाबलं की रिले पडतो, काँटॅक्टर पडतो, ड्राइव्हचा पुरवठा जातो. पीसीला फक्त कळवलं जातं. “पीसी हँग झाला तरी पोराचा हात राहिला पाहिजे,” ते म्हणाले. घाईत काम करणारा कुणी ही साखळी सॉफ्टवेअरमधून फिरवत असेल, तर त्या मशीनसमोर मी उभा राहणार नाही.

मला खरी काळजी आहे ती माणसाची. कंपनीचा कंट्रोल बिघडला तर महाग का होईना, सर्व्हिस इंजिनिअर येतो. इथे काकांचा फोन लागला नाही तर दोन मजकुरी फाइली उरतात: एकीत आकडे, दुसरीत कोणती तार कुठे जोडली याची यादी. फाइली कुणालाही उघडता येतात. वाचता येणारा माणूस शॉपमध्ये असेलच असं नाही. परवाना खुला असूनही अशा वेळी मशीन पुन्हा एकाच डोक्यात बंद होतं.

म्हणून काका आता अट घालतात. फाइलींची प्रत आणि वायरिंगचं ड्रॉइंग मालकाकडे राहील, आणि शॉपमधलं एक पोरगं पहिल्या दिवसापासून त्यांच्याजवळ बसेल. ड्रॉइंगला मालक लगेच होकार देतात. पोरगं द्यायचं म्हटलं की अडतं, कारण तेवढे दिवस त्याच्या हातचं उत्पादन बुडतं. घासाघीस तिथे होते, कार्डाच्या किमतीवर नाही. मी होतो तेव्हा मालकाने अर्धी पाळी देऊ केली होती आणि काका पूर्ण पाळीवर अडून बसले होते. माझं मत विचाराल तर काकांचं बरोबर आहे: तो पगार रेट्रोफिटच्या खर्चातच धरावा, आणि धरणं परवडत नसेल तर जुनाच कंट्रोल दुरुस्त करून घ्यावा.