मराठीच्या आधाराने स्पॅनिश

पालकसभेत हल्ली एक प्रश्न हमखास निघतो : मुले उद्या परदेशी जाणार, तिथे मराठीचा काय उपयोग? स्पॅनिशपुरते उत्तर आम्ही देऊ शकतो.

वर्ध्याचे डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे १९२४ साली मेक्सिकोत पोहोचले. (तेव्हा वर्धा आणि आपले निमाड एकाच मध्य प्रांतात होते.) गदर चळवळीत असल्यामुळे इंग्रजांच्या राज्यात परतणे अशक्यच होते. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते प्राध्यापक झाले, मक्याच्या नव्या जाती तयार केल्या, शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा चालवल्या, मक्यावर स्पॅनिशमध्ये पुस्तिका लिहिल्या. दिएगो रिव्हेरा या थोर चित्रकाराने मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयातील एका भित्तिचित्रात त्यांना पाव मोडून देताना रंगवले आहे.

मराठी मुलाला ही भाषा कुठे सोपी जाते ते पाहा. आपण म्हणतो, 'मला आंबा आवडतो', 'मला केळी आवडतात'. क्रियापद फळाप्रमाणे बदलते, खाणाऱ्याप्रमाणे नाही. स्पॅनिशमध्येही तसेच : 'मे गुस्ता एल मांगो', पण 'मे गुस्तान लोस प्लातानोस'. इंग्रजीच्या वाटेने जाणारा विद्यार्थी इथे अडखळतो. 'मी' न म्हणता नुसते 'येतो' म्हटले तरी आपले भागते, तिथेही भागते. तू आणि तुम्ही यांच्यासारखा 'तू' आणि 'उस्तेद' हा भेद आहे. वडीलधाऱ्यांना 'उस्तेद'च म्हणावे. त आणि द हे उच्चार आपल्यासारखे दंत्य. आपला 'पगार' पोर्तुगीजांकडून आला. स्पॅनिशमध्येही 'पगार' म्हणजे पैसे देणे!

सगळेच सोपे नाही. 'सीता हुशार आहे' आणि 'सीता घरात आहे' यांत आपला एकच 'आहे', तिथे दोन निरनिराळी क्रियापदे लागतात. त्यांचा नीट सराव केल्याशिवाय गत्यंतर नाही.

रोजच्या जगण्याचेही थोडे सांगतो. मेक्सिकोत मुख्य जेवण दुपारी दोन ते चारच्या दरम्यान होते, म्हणून सकाळी पोटभर खाऊन निघावे. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, वाटून केलेली तोर्तिया म्हणजे छोटी भाकरीच. शाकाहारी मुलांनी मात्र सावध असावे. 'सिन कार्ने', म्हणजे मांसाशिवाय, एवढे सांगून पुरत नाही, कारण तिथे घेवड्याच्या उसळीतही डुकराची चरबी असू शकते. 'सिन मांतेका' हेही सांगावे. दुकानात शिरताना 'बुएनोस दीआस' म्हणावे, मग काय हवे ते. आणि कोणी 'आओरीता' म्हणाले, तर शब्दाचा अर्थ 'आत्ताच' असला तरी घड्याळ लावून बसू नये. आपल्याकडचे 'आत्ता आलोच' किती वेळाने येते, हे बुऱ्हाणपूरच्या मुलांना वेगळे शिकवायला नको.