निसिनचे बळ आणि निसिनची मर्यादा

अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिन गवसले ते १९२८ साली. त्याच वर्षी रॉजर्स आणि व्हिटियर या अमेरिकी संशोधकांनी दूध आंबवणारे काही जिवाणू इतर जिवाणूंची वाढ रोखतात, अशी नोंद केली. या रोखण्यामागचे द्रव्य म्हणजे लॅक्टोकॉकस लॅक्टिसचे निसिन, ३४ अमिनो आम्लांचे एक छोटे पेप्टाइड. पेनिसिलिन रुग्णालयात गेले, निसिन चीजच्या कारखान्यात. पेनिसिलिनला दाद न देणारे जिवाणू काही वर्षांतच डोके वर काढू लागले; १९५३ पासून बाजारात असलेले निसिन मात्र अन्न टिकवण्याचे काम आजही चोख करते. प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ या एकाच वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली असावीत, असा अंदाज आहे. अशा वेळी निसिनसारख्या पेप्टाइडांकडे आशेने पाहिले जाणे साहजिक आहे. पण त्यांच्याकडून नेमके कोणते काम करून घ्यायचे, हे आधी ठरवायला हवे.

निसिनचे बळ त्याच्या मारा करण्याच्या जागेत आहे. जिवाणूची भिंत बांधण्याचे साहित्य पेशीच्या आत तयार होते आणि लिपिड-२ नावाचा रेणू ते पटलापलीकडे पोचवतो. व्हॅन्कोमायसिन हे प्रतिजैविक याच रेणूच्या पेप्टाइडच्या टोकाला चिकटते. काही जिवाणूंनी ते टोक बदलले आणि त्यांच्यावर औषध निकामी झाले. निसिन पकडते ते त्याच रेणूतले पायरोफॉस्फेट, जे बदलणे जिवाणूला सोपे नाही. त्यातून भिंतीचे काम थांबते, शिवाय पटलाला भोके पडून पेशी रिती होते.

यावर आक्षेप आहेत आणि ते खरे आहेत. ई. कोलाय, क्लेब्सिएला यांसारख्या जिवाणूंच्या बाह्य आवरणातून निसिन सहसा आत शिरत नाही. पोटात गेले की पाचकरस त्याचे तुकडे करतात, त्यामुळे त्याची गोळी करून भागत नाही. काही जिवाणूंकडे निसिनचे शेपूट छाटणारे विकरही आहे. त्याहून बोलका दाखला कोलिस्टिन या प्रतिजैविकाचा. तेही जिवाणूने बनवलेले पेप्टाइडच. पण जनावरांच्या खाद्यातून त्याचा मुक्त वापर झाला, २०१५ मध्ये चीनमधून त्याला दाद न देणाऱ्या, एका जिवाणूतून दुसऱ्यात जाणाऱ्या जनुकाची बातमी आली आणि २०१९ मध्ये भारताला अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत त्यावर बंदी घालावी लागली. म्हणजे द्रव्य नैसर्गिक असले, तरी ते उधळले की वाया जाते.

म्हणून निसिनला प्रतिजैविकाच्या गादीवर बसवण्यात अर्थ नाही. जिथे प्रतिजैविक मुळात टाळता येते, तिथे त्याला उभे करावे. गायी-म्हशींचा कासदाह, ज्याला आपले शेतकरी दगडी म्हणतात, हे असे एक ठिकाण. सडात प्रतिजैविक सोडले की त्याचा अंश दुधात उतरतो आणि ठरावीक दिवस ते दूध विकता येत नाही. चीनमधील २००७ च्या एका चाचणीत दुभत्या गायींच्या कासदाहावर निसिनने जेंटामायसिनच्या तोडीचा गुण दिला. शिवाय दुधातून पोटात गेलेले निसिन पचून जाते. गोळीच्या बाबतीत जो दोष, तोच इथे गुण ठरतो. एका चाचणीवर विसंबून चालणार नाही, हे खरेच. कासदाहाचे जिवाणू भागाभागांत वेगळे असतात आणि ई. कोलायपुढे निसिन तोकडे पडते. तेव्हा महाराष्ट्रातील पशुवैद्यकीय महाविद्यालये आणि दूध संघांनी आपल्याच गोठ्यांत, दुधाची तपासणी करून, अशा चाचण्या घ्याव्यात. गोठ्यात वाचलेले प्रत्येक प्रतिजैविक रुग्णालयाच्या कामी अधिक काळ येईल.