मोटारीची तेलगळती

आपल्या जुन्नर व आंबेगांव तालुक्यांत जीपगाडी ही चैनीची वस्तु नव्हे. नारायणगांवच्या बाजारीं टोमॅटो पोंचवावयाचे असोत, किंवा डोंगरांतील वाडीवरून एखाद्या रुग्णास घोडेगांवीं आणावयाचें असो, पुष्कळांस तिचाच आधार असतो. अशा गाडीखालीं रोज सकाळीं तेलाचा डाग दिसूं लागला, तर त्याकडे काणाडोळा करूं नये. मिनिटास एकच थेंब गळला तरी दिवसाकाठीं १,४४० थेंब होतात, आणि महिन्यास दीड-दोन लिटर तेल मातींत जातें. तेल संपलें कीं इंजिनाचे भाग एकमेकांवर घासून तापतात व शेवटीं जागचे जागीं जखडून बसतात.

आमच्या एका आप्तांच्या जुन्या डिझेल जीपची हकीकत येथें सांगण्यासारखी आहे. तिचें तेल इंजिन व गिअरबॉक्स यांच्या जोडाशीं गळत असे. दोन वेळां गिअरबॉक्स उतरवून मागचें ऑइल सील बदललें. पण महिना लोटतो न लोटतो तोंच डाग पुन्हां हजर! अखेर एके दिवशीं डिंभ्याच्या पुढें, भीमाशंकराच्या चढावर, क्लच घसरूं लागला. गळालेलें तेल क्लचप्लेटवर पोंचलें होतें. गाडी मागें सरूं लागली, तेव्हां ब्रेक दाबून व चाकांखालीं दगड लावून मंडळी खालीं उतरलीं.

आतां या दोषाचें मूळ पाहूं. ऑइल सील म्हणजे फिरणाऱ्या दांड्याभोंवतीं बसविलेलें रबरी कडें. त्याची पातळ कड दांड्यास बेतानें टेकून तेल अडविते. पण दाब सोसण्याची तिची शक्ति फार थोडी. इंजिन चालत असतां थोडा वायु पिस्टनच्या रिंगांजवळून निसटून खालच्या कोठींत उतरतो. तो बाहेर जाण्यासाठीं एक श्वासनळी ठेविलेली असते. कारागीर तिला ब्रीदर म्हणतात. ती बुजली कीं कोठींतील दाब वाढतो, आणि जी जागा दुबळी तेथून तेल बाहेर ढकललें जातें. चढावर तर गाडीचें तोंड वर होऊन तेल मागील सीलकडेच साचतें.

आमच्या जीपला श्वासनळी म्हणून पाण्याकरितां केलेली साधी रबरी नळी कोणीं तरी लाविली होती. बाहेरून ती धडधाकट दिसे. पण तेलाच्या वाफेनें रबर फुगून आंतील वाट जवळजवळ बंद झाली होती. तिच्या जागीं तेल सोसणारी नळी बसविली, तेव्हां दाब उतरला.

तरीहि एक काम उरलें. गिअरबॉक्स तिसऱ्यांदा उतरविला, तेव्हां सीलच्या कडेनें पोलादी दांड्यावर पाडलेला चर दृष्टीस पडला. त्या चरांतून नवें सीलहि गळलें असतें. दांडा बदलणें खर्चाचें. परंतु चरावर घट्ट चढविण्याची पातळ पोलादी स्लीव्ह बाजारांत मिळते. तिची जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास असते. तिच्यामुळें सीलला पुन्हां गुळगुळीत पृष्ठभाग मिळाला. तेलकट क्लचप्लेटहि बदलावी लागली. मूळ कारखान्याचा नव्हे असा एक भाग गाडीस नडला, आणि तसाच दुसरा तिला तारक ठरला. म्हणून सुटा भाग घेतांना तो कोणाचा, एवढेंच न विचारतां तो कशासाठीं केलेला, हें आधीं विचारावें.

शर्यतीच्या मोटारींतहि हेंच तत्त्व लागू पडतें. वेगाच्या वळणावर तेल एका बाजूस फेकलें जातें. म्हणून तळाच्या भांड्यांत आडव्या पट्ट्या बसवितात, आणि श्वासनळीवाटे येणारें तेल झेलण्यास वेगळी डबी जोडतात. नुसतें सील बदलून तेथेंहि भागत नाहीं.

गळती शोधण्याची रीत सोपी आहे. थंड इंजिन धुवून कोरडें करावें, संशयाच्या जागीं पांढरी पूड भुरभुरावी, आणि थोडा वेळ इंजिन चालवून बंद केल्यावर पाहावें. ओल जेथें सर्वांत वर उमटेल तेथें गळतीचा आरंभ. खालीं पडणारा थेंब हा तिचा केवळ शेवट होय. आमच्या आप्तांनीं दोन वेळां पैसे खर्चिले, ते त्या शेवटावर. आज तीच जीप भीमाशंकराचा चढ चढते, आणि सकाळीं तिच्याखालची जमीन कोरडी असते.