मंत्र, नाव आणि वाचक : 'हॅरी पॉटर' कादंबऱ्यांविषयीच्या जिव्हाळ्याची भाषिक मीमांसा

१

लोकप्रिय वाङ्मयाचा विचार करताना विद्यापीठीय अभ्यासक बहुधा दोन टोकांपैकी एका टोकास जातात. एक पक्ष लोकप्रियता हाच गुणाचा पुरावा मानतो, तर दुसरा तीच दोषाची खूण समजतो. दोन्ही पक्षांत प्रत्यक्ष कृतीकडे पाहावयाचे राहून जाते. ब्रिटिश लेखिका जे. के. रोलिंग यांच्या 'हॅरी पॉटर' या सात कादंबऱ्यांच्या मालेविषयी असेच घडले आहे. मालेतील पहिली कादंबरी २६ जून १९९७ रोजी लंडनच्या ब्लूम्सबरी या संस्थेने प्रसिद्ध केली, तेव्हा तिच्या पुठ्ठाबांधणीच्या अवघ्या ५०० प्रती छापल्या होत्या. सातवी व अखेरची कादंबरी २१ जुलै २००७ रोजी निघाली. २०१८ साली मालेच्या ५० कोटींहून अधिक प्रती खपल्याचे प्रकाशकांनी जाहीर केले. तोवर तिची भाषांतरे ८० भाषांपर्यंत पोहोचली होती.

हे आकडे खपाचे आहेत, प्रेमाचे नव्हेत. प्रेमाची लक्षणे निराळी असतात. या कादंबऱ्यांचे वाचक त्या पुनःपुन्हा वाचतात, त्यांतील शब्द आपसांत वापरतात आणि हॉगवर्ट्‌स या काल्पनिक शाळेतील चार गृहांपैकी आपण कोणत्या गृहाचे, हे गंभीरपणे ठरवितात. या जिव्हाळ्याचे कारण कथानकात शोधू गेल्यास फारसे हाती लागत नाही. पोरका मुलगा, वसतिगृहाची शाळा, दुष्ट मांत्रिक ही सामग्री जुनीच आहे. शैलीतही ते सापडत नाही. अमेरिकन समीक्षक हॅरल्ड ब्लूम यांनी २००० साली पहिल्या कादंबरीचे गद्य घासून गुळगुळीत झालेल्या वाक्प्रचारांनी भरलेले आहे, असा आक्षेप घेतला होता; आणि वाक्यरचनेपुरते पाहता तो निराधार म्हणता येणार नाही. मग वाचक कशावर लुब्ध होतो?

प्रस्तुत लेखकाच्या मते या जिव्हाळ्याचा एक मोठा भाग भाषिक आहे. वाचकाला येथे एका नव्या भाषिक समूहाचे सभासदत्व मिळते, आणि त्याचे प्रेम मुख्यतः त्या सभासदत्वावर असते. पुढील विवेचन हे प्रतिपादन तपासण्यासाठी आहे.

२

समूहाची पहिली खूण म्हणजे त्याचा शब्दसंग्रह. या कादंबऱ्यांतील वाक्य साधे असते, परंतु शब्द नवा असतो. गद्य सपाट असल्यामुळेच नवा शब्द उठून दिसतो. जादू न येणाऱ्या माणसाला येथे 'मगल' म्हणतात. सहज फसणारा मनुष्य या अर्थाच्या इंग्रजी 'मग' या बोलीतील शब्दावरून तो घडविला आहे. हा शब्द पुस्तकातून बाहेर पडला, एखादी विशिष्ट विद्या अवगत नसलेला कोणीही असा त्याचा अर्थ रूढ झाला, आणि २००३ साली ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाने त्याची नोंद घेतली. कल्पित समूहाचा शब्द प्रत्यक्ष समूहाने स्वीकारल्याचे हे ठळक उदाहरण होय.

काही शब्द जुनेच असून त्यांना नवा संदर्भ दिला आहे. जादूगार कुळात जन्मूनही जादू न येणाऱ्या व्यक्तीस 'स्क्विब' म्हटले आहे. इंग्रजीत हा शब्द छोट्या फटाक्याचा वाचक असून, ओल्या स्क्विबचा वाक्प्रचार आपल्या 'फुसका बार' याच्या जवळचा आहे. मुख्याध्यापकांचे डंबलडोर हे नाव म्हणजे इंग्रजी बोलीतील भुंग्यासाठी असलेला जुना शब्द. स्लिदरिन या गृहनामातील आरंभीचा ध्वनिसमूह इंग्रजीत सरपटणे, निसटणे, बुळबुळीतपणा या अर्थांच्या कित्येक शब्दांत आढळतो. जे. आर. फर्थ यांनी १९३० साली अशा अर्थसूचक ध्वनिसमूहांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले होते. मराठीत 'सरसर', 'सरपटणे', 'सळसळ' या शब्दांतील सकार असेच काम करतो. वाचकाला हे पृथक्करण ठाऊक नसते; परंतु त्याचे भाषिक ज्ञान आपले काम करीत असते, आणि नाव ऐकताच ते योग्य वाटते.

सभासदत्वाची खरी कसोटी मात्र शिवीच्या प्रसंगी लागते. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या कादंबरीत मगल आईबापांच्या पोटी जन्मलेल्या हर्मायनीस तिचा एक सहाध्यायी रक्ताच्या अशुद्धतेवरून हिणवितो. त्यासाठी वापरलेला, 'चिखल' आणि 'रक्त' यांचा सामासिक शब्द वाचकाने त्यापूर्वी कधीच ऐकलेला नसतो, आणि तरीही तो त्याला झोंबतो. कोशार्थावरून अपमान कळतो. तो झोंबतो मात्र त्यालाच, जो त्या समूहात उभा आहे. जन्मावरून माणसाची प्रत ठरविणारे शब्द ज्या समाजाच्या बोलीत पिढ्यान्‌पिढ्या वावरले, त्या समाजातील वाचकास या प्रसंगाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

मुलांना गुप्त भाषेची ओढ असतेच. शब्दाचे पहिले अक्षर शेवटी नेऊन आरंभी 'च' जोडावयाची आपल्याकडील 'च'ची भाषा तिची साक्ष देते. त्या भाषेत नवे काहीच सांगावयाचे नसते. ती आपल्याला येते आणि पलीकडच्याला येत नाही, एवढाच तिचा आनंद. रोलिंग यांनी हा आनंद एका संपूर्ण सृष्टीला जोडून दिला. शिवाय नायकही अकराव्या वर्षापर्यंत त्या सृष्टीविषयी अनभिज्ञ असतो. त्यामुळे शब्द शिकण्याच्या क्रमात वाचक आणि नायक बरोबरीने चालतात.

३

दुसरी खूण म्हणजे या समूहातील उक्तींचे सामर्थ्य. जे. एल. ऑस्टिन यांच्या १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांनी हे दाखवून दिले की, काही उक्ती वस्तुस्थितीचे वर्णन करीत नाहीत, त्या स्वतःच कृती असतात. वचन देणे, नाव ठेवणे, क्षमा मागणे ही त्यांची उदाहरणे. मंत्र हे या प्रकाराचे टोकाचे रूप होय. तेथे उच्चार झाला की कार्य झाले.

रोलिंग यांनी एक्झिटर विद्यापीठात फ्रेंच व अभिजात भाषांचा अभ्यास केला होता, आणि त्याचा ठसा त्यांच्या मंत्रांवर स्पष्ट आहे. 'आक्किओ' हे 'मी बोलावून घेतो' या अर्थाचे शुद्ध लॅटिन क्रियारूप आहे, आणि 'नॉक्स' म्हणजे रात्र. 'एक्सपेलिआर्मुस' मात्र हाकलणे आणि शस्त्र या अर्थांच्या लॅटिन शब्दांवरून बनविलेले आहे. मंत्र पूर्ण अगम्य नसावा आणि पूर्ण सुगमही नसावा, हे तत्त्व येथे पाळलेले दिसते. ट्रोब्रिआंड बेटांवरील शेतीच्या मंत्रांचा अभ्यास करून ब्रॉनिस्लाव्ह मॅलिनोव्स्की यांनी १९३५ साली मंत्रभाषेतील हेच मिश्रण नोंदविले होते. तिच्यात काही अंश विलक्षण असतो, काही अंश नेहमीच्या भाषेशी जोडलेला असतो.

पहिल्या कादंबरीतील पीस उडविण्याच्या पाठात रॉनचा मंत्र निष्फळ ठरतो, आणि एक स्वर लांबवावयास हवा हे हर्मायनी त्यास बजावते. येथे आपल्या परंपरेतील अभ्यासकास पतंजलीने महाभाष्याच्या आरंभी उल्लेखिलेला 'इंद्रशत्रु' या शब्दाचा दाखला आठवल्यावाचून राहणार नाही. स्वर चुकल्यामुळे तत्पुरुषाचा बहुव्रीही झाला, आणि इंद्राचा नाश करावयास उत्पन्न केलेला वृत्र स्वतःच इंद्राच्या हातून मारला गेला. दोन्हींतील गृहीत एकच आहे : उच्चार शुद्ध असेल तर शब्द फळतो. बालवाचकाच्या दृष्टीने याला विशेष मोल आहे. येथे सामर्थ्य कुळावरून किंवा शरीरबळावरून सर्वस्वी ठरत नाही. शब्द नीट शिकणाऱ्यास ते साध्य होते, आणि वर्गात ते सर्वांत आधी साध्य करणारी मुलगी मगल कुटुंबातील असते.

४

तिसरी खूण म्हणजे निषेध. कोणत्याही समूहाची ओळख तो काय बोलतो यावरून होते, तशी तो काय बोलत नाही यावरूनही होते. या कादंबऱ्यांतील जादूगार दुष्ट मांत्रिक व्होल्डेमॉर्टचे नाव घेत नाहीत. आडवळणाने त्याचा निर्देश करतात. हा संकेत मराठी वाचकास अपरिचित नाही. रात्री सापाला 'जनावर' किंवा 'लांबडे' म्हणणे, बांगडी फुटली असता ती 'वाढली' म्हणणे, निरोप घेताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणणे, हे सर्व त्याच श्रद्धेचे अवशेष होत. पतीचे नाव न घेण्याच्या प्रथेतून तर उखाण्यासारखा रचनाप्रकार निर्माण झाला.

लेखिकेचे कौशल्य असे की, हा संकेत ती स्थिर ठेवीत नाही. आरंभी हॅरीस तो ठाऊकच नसतो, म्हणून तो नाव सहज उच्चारतो. पुढे डंबलडोर त्यास समजावतात की, नावाची भीती बाळगल्याने मूळ वस्तूची भीती वाढते. आणि नाव घेणे हे धैर्याचे चिन्ह ठरते. सातव्या कादंबरीत शत्रू त्या नावावरच मंत्र घालून ठेवतो. नाव घेण्याचे धैर्य असलेलीच माणसे त्यामुळे पकडली जातात. एका शब्दाच्या वापराचा हा इतिहास वाचक सात ग्रंथांतून अनुभवतो. भाषेच्या संकेतात वाचकाची भावना इतकी गुंतविणारी बालकादंबरी विरळाच.

५

आतापर्यंतचे प्रतिपादन खरे असेल, तर भाषांतरात त्याची परीक्षा झाली पाहिजे. कारण जिव्हाळा शब्दांवर असेल, तर शब्द बदलताच तो धोक्यात येईल. भाषांतरकारांनी दोन मार्ग अनुसरले. फ्रेंचमध्ये हॉगवर्ट्‌सचे 'पूद्लार' झाले व मगलचे 'मोल्द्यू'. इटालियनमध्ये डंबलडोरचे 'सिलेंते', म्हणजे मौनी, झाले. भुंग्याची गुणगुण जाऊन तिच्या जागी नेमके मौन आले. दुसऱ्या कादंबरीत टॉम मार्व्होलो रिडल या नावातील अक्षरे फिरविली असता 'मी लॉर्ड व्होल्डेमॉर्ट आहे' या अर्थाचे वाक्य निघते. तेवढ्यासाठी फ्रेंचने त्याचे नाव टॉम एल्व्हिस जेद्यूसॉर केले, जर्मनने मधले नाव 'फोरलोस्ट' केले. कथेचे रहस्य वर्णमालेत दडलेले असल्यामुळे नाव बदलणे भाग पडले.

देवनागरीत हा प्रश्न अधिक बिकट आहे. रोमन लिपीत स्वर व व्यंजन सुटे असतात, देवनागरीत मात्रा व्यंजनास चिकटते. फिरवावयाचे एकक येथे वर्ण नसून अक्षर असते. उलट एके ठिकाणी देवनागरी वाचकाचे काम सोपे करते. हर्मायनी या नावाच्या उच्चाराविषयी इंग्रजी वाचक इतके साशंक होते की, २००० सालच्या चौथ्या कादंबरीत त्या उच्चाराचा एक छोटा पाठच घातलेला आढळतो. मराठी वाचकास ती अडचण पडत नाही.

पहिल्या कादंबरीच्या मराठी भाषांतराच्या शीर्षकात 'परीस' हा शब्द योजिला आहे. अमेरिकन प्रकाशकाने १९९८ साली मूळ शीर्षकातील 'तत्त्वज्ञ' काढून 'जादूगार' घातला, त्या मानाने ही निवड कितीतरी सरस होय. संतवाङ्मयापासून रुळलेला हा शब्द लोखंडाचे सोने करण्याचा अर्थ त्वरित देतो. परंतु युरोपीय किमयागारांचा दगड अमरत्वाचे रसायनही देतो, आणि कथेतील दुष्टास हवे असते ते हेच. परीस सोने देतो, अमरत्व देत नाही. त्यासाठी आपल्याकडे अमृत आहे. मराठी शीर्षकात अर्धा अर्थ घरच्यासारखा झाला, अर्धा वाटेत राहिला. ही भाषांतरकाराची उणीव नव्हे. दोन संस्कृतींनी दोन इच्छा एका वस्तूत ठेवाव्या की दोन वस्तूंत, याचा हा भेद आहे.

६

शब्द एकदा समूहाचे झाले म्हणजे ते लेखकाच्या हाती राहत नाहीत. कादंबरीतील 'क्विडिच' हा खेळ २००५ साली अमेरिकेतील मिडलबरी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष मैदानावर आणला. २०२२ साली खेळाच्या संघटनांनी त्याचे नाव 'क्वाडबॉल' असे केले. व्यापारचिन्हाची अडचण, तसेच लिंगभावविषयक प्रश्नांवरील लेखिकेच्या मतांपासून दूर राहण्याची इच्छा, ही कारणे त्यांनी दिली. नाव टाकूनही खेळ चालू राहिला. वाचकांचे प्रेम लेखिकेवर नसून त्या समूहावर आहे, या आमच्या प्रतिपादनास याहून स्पष्ट दाखला क्वचितच मिळेल.

मराठी अभ्यासकांपुढे यातून एक काम उभे राहते. आपल्याकडील पुष्कळ मुले ही माला इंग्रजीतून वाचतात, काही मराठीतून. दोन्ही गटांच्या बोलण्यात त्यातील कोणते शब्द उतरतात, त्यांना मराठी प्रत्यय लागतात काय, 'मगल'चे लिंग व अनेकवचन मुले कसे ठरवितात, याची पाहणी व्हावयास हवी. परक्या शब्दाला मूल जेव्हा आपल्या भाषेचा प्रत्यय लावते, तेव्हा तो शब्द त्याचा होतो, आणि ते प्रेम तेथे मोजता येते. मराठीत स्वतंत्र अद्भुत कादंबरी लिहू इच्छिणाऱ्यासही यात बोध आहे. जादूची कांडी उसनी आणता येईल; परंतु मुलांनी आपसांत उच्चारावेत असे शब्द आपल्याच धातू-प्रत्ययांतून, आपल्याच बोलींतून घडवावे लागतील.