शिक्षक व्हायचंय! (भाग 6) : घरी मराठी, शाळेत कन्नड

हुबळीच्या अमरगोळ-नवनगर पट्ट्यातून चिगरी (बीआरटीएस) बसने धारवाडला कॉलेजला जाणाऱ्या मुलांत घरी मराठी, शाळेत कन्नड आणि पुस्तकात इंग्रजी अशी वाढलेली मुलं बरीच भेटतात. ‘तुला दोन भाषा येतात, मास्तर हो’ असा सल्ला त्यांना घरोघरी मिळतो. सल्ला चांगलाच आहे, पण नेमकं काय करायचं हे तो देणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

शिक्षक पात्रता परीक्षेच्या अर्जात ‘भाषा 1’ आणि ‘भाषा 2’ असे दोन रकाने असतात. प्रत्येकी 30 गुण. घरची भाषा म्हणून पहिल्या रकान्यात मराठी लिहिण्याचा मोह होतो. पण राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेच्या (एनसीटीई) मार्गदर्शक सूचनांनुसार पहिली भाषा शिकवण्याच्या माध्यमाशी जोडलेली आहे. तिथे भाषेवरचं प्रभुत्व पाहतात, तर दुसरीत आकलन आणि संवाद. आजीशी मराठीत तासभर गप्पा मारणारी, पण दहावीपर्यंत कन्नड माध्यमात शिकलेली मुलगी मराठी उतारा वाचताना अडखळते, शुद्धलेखनात तर हमखास. तिने खानापूर-निपाणीकडच्या मराठी शाळेत शिकवायचं ठरवलं असेल, तर पदवीच्या पहिल्या वर्षापासून मराठी वाचन-लेखनाला बसलं पाहिजे. तसं नसेल, तर कन्नड पहिली ठेवावी. त्यात कसली आलीय गद्दारी?

मराठी शाळा निवडली म्हणून कन्नड सुटते असंही नाही. कर्नाटकात 2015 च्या कायद्याने सगळ्याच शाळांत टप्प्याटप्प्याने कन्नड सक्तीची झाली. मराठी वर्ग सांभाळून कन्नडही शिकवू शकणारा माणूस मुख्याध्यापकाला हवाच असतो.

भाषेचं ठरलं, तरी इयत्तेचं राहतं, आणि फसगत जास्त तिथेच होते. ‘आधी पदवी, मग बी.एड., मग कुठेही नोकरी’ हे गणित आता चालत नाही. 11 ऑगस्ट 2023 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पहिली ते पाचवीसाठी बी.एड. ही पात्रता धरता येणार नाही असं स्पष्ट केलं. लहान मुलांना शिकवायचं असेल, तर वाट डी.एल.एड. या पदविकेची. सहावीच्या पुढे शिकवायचं असेल, तर पदवीला कोणते विषय घेतले यावर बरंच काही अवलंबून असतं. प्रवेशाच्या खिडकीवर घाईत टिक केलेला विषय तीन वर्षांनी बी.एड.च्या दारात आडवा येतो. म्हणून सल्ला पहिल्या वर्षीच हवा. आपल्याकडे तो तिसऱ्या वर्षाच्या निकालानंतर शोधला जातो.

घरची भाषा आणि वर्गातली भाषा वेगळी असणं धारवाडला नवं नाही. घरी मराठी बोलणारे धारवाडचे कन्नड कवी द. रा. बेंद्रे 1944 ते 1956 या काळात सोलापूरच्या डीएव्ही कॉलेजात कन्नड शिकवत होते. मराठीत कथा लिहिणारे जी. ए. कुलकर्णी धारवाडच्या जेएसएस कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. त्यांना पात्रता परीक्षा नव्हती, हा भाग वेगळा!

कॉलेजातल्या प्राध्यापकांना एक विनंती. सत्राच्या पहिल्याच आठवड्यात अशा मुलांना बोलावून तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या : कोणत्या माध्यमात शिकवायचं, कोणत्या इयत्तांना, आणि कोणत्या राज्यात. महाराष्ट्रात नोकरी हवी असेल, तर तिथली परीक्षा आणि भरती वेगळी आहे. त्याबद्दल पुढच्या आठवड्यात.